दहा फुटांची गॅलरी

तानाजीने सभेची नोटीस नियमाप्रमाणे चौदा दिवस आधीच लावली होती. फक्त ती फळ्यावर न लावता पंपाच्या खोलीच्या दाराला, आतल्या बाजूने लावली होती. कळव्याच्या खाडीकिनारा सोसायटीत आठ बिऱ्हाडं. पाण्याचा पंप सुरू करायला त्यातली सात पाळीपाळीने त्या खोलीत जात. आठवं बिऱ्हाड अध्यक्षांचं, म्हणजे काळुरामचं. अध्यक्षांना साडेआठला ठाण्याच्या ऑफिसात जावं लागे, म्हणून त्यांना पंपाची पाळी माफ होती. त्यामुळे सोसायटीत काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काळुरामला तेवढं ठाऊक नव्हतं.

त्याला ते शनिवारी संध्याकाळी त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळलं. आवडाबाईची खोली इथे भाड्याने दिलेली होती, ती स्वतः टिटवाळ्याला राहायची. तिला नोटीस पोस्टाने गेली होती. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, गॅलरीला ग्रिल मारतात म्हणे?"

"कुठल्या गॅलरीला?"

"आता कळव्यात तुझ्या किती गॅलऱ्या हायेत?"

एकच होती. पण काळुरामच्या आयुष्यातही तेवढीच एक होती. एका आर्किटेक्टकडे सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समनचं काम करताना त्याने दुसऱ्यांच्या शेकडो इमारती काढल्या, आणि स्वतःच्या मनाने काढली ती ही एक. शहाऐंशी साली वाडीतली भावाबहिणीची जुनी घरं पाडून ही बांधली, तेव्हा साहेबांनी नकाशावर सही करताना चष्मा वर केला होता. "काळुराम, दहा फुटांची गॅलरी? इथे काय वरात काढणार आहेस?"

"माणसं बसतील, साहेब."

"माणसं घरात बसतात."

काळुरामला हे पटलं नव्हतं. वाडीत घरांच्या ओट्या एकाला एक लागून होत्या, मधे भिंत नव्हती, आणि दुपारभर सगळी वाडी त्या ओट्यांवर बसलेली असायची. तेच त्याने पहिल्या मजल्यावर आणलं. आठ दारं एका रांगेत, एका मापाची, एकाच निळ्या रंगाची, म्हणजे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. स्वयंपाकघराच्या खिडक्या गॅलरीत उघडायच्या. खाली दुकानं. जिना त्याने मुद्दाम रज्जाकभाईंचं शिलाईचं दुकान आणि मासळीचा ओटा यांच्या मधोमध उतरवला, म्हणजे घरी जाणाऱ्याला दोन्हीकडे बोलल्याशिवाय वाट नाही. हंसराजभाई वाणी सात पिढ्यांचे शाकाहारी, पण सहा महिन्यांत बोंबलाचा भाव त्यांना तुरीच्या डाळीइतका पाठ झाला.

नकाशाप्रमाणे माणसं वागली, असं ठाणे जिल्ह्यात फार क्वचित झालं असेल. काळुरामला त्याचा अभिमान होता. तो बोलून दाखवत नसे; फक्त घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून आणत असे.

त्याने तानाजीला बोलावलं. तानाजी म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाचा, दामाजीचा, मुलगा; कंपनीत फिटर आणि सोसायटीचा सेक्रेटरी. तो आला आणि दारातच उभा राहिला. इथे दारात उभं राहायची पद्धत नव्हती.

"ठराव कोणाचा?"

"निंबाळे मास्तरांचा. विमलाबाईंचं अनुमोदन."

"काय म्हणतोय ठराव?"

तानाजीने पाठ केल्यासारखं म्हटलं, "सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रत्येक सभासदाने आपल्या दारासमोरची सहा फूट जागा ग्रिलने बंद करून घ्यावी. जायला-यायला चार फूट उरतात, काका."

"चार फूट! चार फुटांत दोन माणसं भेटली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. याला भेटणं म्हणतात? अरे, सात वर्षांत इथे एक चमचा चोरीला गेला नाही. आणि नोटीस पंपाच्या खोलीत लावतोस? माझ्यापासून लपवून?"

"लपवली नाय. लावली."

"तुझा बाप असता तर त्याने तुला खाडीत बुडवला असता."

तानाजीने चपलेकडे पाहिलं. "बा असता," तो म्हणाला, "तर ठरावच आला नसता." आणि गेला.

काळुरामला हे वाक्य आवडलं. ते आपल्याच बाजूचं आहे, असं त्याला वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने बहिणीला पुढ्यात बसवून हिशेब मांडला. मतं आठ. मास्तर, टेलिफोनवाल्या विमलाबाई आणि हंसराजभाई तिकडे. तो स्वतः, आवडाबाई, रज्जाकभाई आणि इस्पितळातल्या सिस्टर अन्नम्मा इकडे. आठवं मत मनुबाई वैनीचं. तानाजीचं घर अजून आईच्याच नावावर होतं. "वैनी कोणाच्या बाजूने जाणार, हे काय विचारायला पाहिजे? दिवसभर ती गॅलरीतच असते. पाचास तीन!"

"वैनीची तब्येत कशी हाय?" आवडाबाईने विचारलं.

"एकदम टणटणीत. रोज संध्याकाळी मी येतो तेव्हा खुर्चीत बसलेली असते. विचारते, आलास काय रं, जेवलास काय रं."

आतून सुमतीने, काळुरामच्या बायकोने, भांडं जरा जोरात ठेवलं. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली. "अहो, उद्या भाषण करू नका."

"का?"

"नका करू म्हणते म्हणून."

तेवीस वर्षांच्या संसारात इतक्या कमी शब्दांत तिने त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. त्याने ते ऐकायला हवं होतं. त्याने भाषण लिहायला घेतलं.

*

सभा रविवारी दहा वाजता गॅलरीतच भरली. जी जागा बंद करायची, त्याच जागेवर सतरंजी अंथरून बसायचं, यात कोणाला वावगं वाटलं नाही. अन्नम्मा सिस्टर रात्रपाळी करून आल्या होत्या, तरी आंघोळ करून ताठ बसल्या होत्या. रज्जाकभाईंच्या गळ्यात टेप होती. मनुबाईला तिच्या सुनेने, रतनने, नवं लुगडं नेसवून, केसांना तेल लावून भिंतीकडेला खुर्चीत बसवलं होतं. रतन एरवी सकाळी खाली मासळीच्या ओट्यावर असायची. आज तिने ओटा बंद ठेवला होता.

काळुरामने भाषण केलं. ते चांगलं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. तो म्हणाला, आपल्यात कोण कुठून आलंय बघा. मास्तर साताऱ्याकडचे, विमलाबाई राजापूरच्या, हंसराजभाई कच्छचे, सिस्टर तर पार केरळच्या. आम्ही तेवढे खाडीतले. दुसरीकडे राहिलो असतो तर एकमेकांचं नाव दारावरच्या पाटीवर वाचलं असतं. इथे मास्तरांची आई गेली तेव्हा पहिला चहा सिस्टरने केला. रज्जाकभाईंच्या मुलीच्या लग्नाचे कपडे हंसराजभाईंच्या घरात इस्त्री झाले. हे कशामुळे? चोराच्या भीतीने आपण स्वतःलाच गजांमागे बसवणार का? आणि कुठाय चोर? दाखवा मला एक चोर!

एरवी त्याच्या अशा वाक्यावर मास्तर निदान खाकरत. ते सतरंजीचा दोरा ओढत बसले. विमलाबाईंनी डोळे पुसले. भाषण लागलं, असं काळुरामला वाटलं.

"मतदान घे," तो तानाजीला म्हणाला.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा," तानाजी सतरंजीकडे बघत म्हणाला.

मास्तर. विमलाबाई. हंसराजभाई. आणि मग, खूप हळू, जड काहीतरी उचलावं तसा, अन्नम्मा सिस्टरचा हात.

"सिस्टर?" काळुराम म्हणाला. "तुम्ही?"

"काळुरामभाऊ, सॉरी."

"सॉरी काय? चोर आला होता तुमच्याकडे?"

"चोर नाय आला." सिस्टरने मनुबाईकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मी ड्यूटी करून झोपली होती. दार उघडा. आपला दार कधी बंद नसतो ना. उठली तेव्हा गॅसचा वास. शेगडी चालू, ज्योत नाय. वर आधण ठेवलेला. आणि मम्मी, तुमची वैनी, बाजूला पाट घेऊन बसलेली. मला बोलली, कोण गो तू माझ्या घरान?"

आवडाबाईने तोंडाला पदर लावला.

"एकदा चुकलं असेल," काळुराम म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. दारं सारखी दिसतात."

"एकदा?" रतन पुढे आली. तिचा आवाज बाजारातला होता. घरात तो तिने कधी आणला नव्हता. "काका, तुमी साडेआठला जाता नि सातला येता. मधला दिवस तुमी बघितलाच नाय कवा. सासूबाई रोज आठही घरांत जातात. मास्तरांच्या पोराचा बारावीचा अभ्यास, तर त्याच्या वह्या उचलून माळ्यावर ठेवल्या, पावसात भिजतील म्हणून. हंसराजभाईंच्या देव्हाऱ्यात सुके बोंबील ठेवले. त्या माणसाने शब्द काढला नाय. देव धुतले आणि बोंबील मना आणून दिले."

"पॅक करून," हंसराजभाई ओशाळून म्हणाले.

"आणि दुपारी जाळं," विमलाबाई म्हणाल्या.

"कसलं जाळं?"

शेवटी रज्जाकभाईंनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. "भाऊ, भाभी दोपहरको सगळ्यांना हाक मारते. चला, डोल काढलाय, धरायला या. आता ते डोलाचं मोठं जाळं कुठे? दामाजीभाऊने नाव विकली, जाळं विकलं, त्याला दहा वर्षं झाली. पण ती रडते ना, कोण आलं नाही तर. मग जातो आम्ही. मी दुकानातनं वर येतो. मास्तरची बायको, विमलाबाईंची सुट्टी असली तर त्या, सिस्टर जागी असली तर ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे राहतो. असे." त्यांनी दोन्ही हात छातीपाशी धरून दाखवले. "ती बीचमधून चालते आणि फाटलेलं कुठे ते बघते. मला बोलते, रज्जाक, खाली सोडू नको, चिखल लागेल. मी नाही सोडत."

"किती दिवस चाललंय हे?"

"गणपतीपासून," तानाजी म्हणाला.

आता मार्च होता. काळुरामने बायकोकडे पाहिलं. सुमती म्हणाली, "मी पण धरते." मग म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी येऊन पाहुण्यांना गॅलरी दाखवायचात. कोणाची जीभ उचलणार?"

म्हणजे सात बिऱ्हाडांनी, पाच मुलखांतल्या आणि तीन धर्मांच्या माणसांनी, सहा महिने एकजुटीने एक गुपित पाळलं होतं. शेजाऱ्यांनी एकमेकांशी असं वागावं म्हणूनच त्याने ही इमारत काढली होती. ते गुपित त्याच्यापासूनच पाळलं होतं, ही बाब नकाशात नव्हती.

"दारांना वेगवेगळे रंग देऊ," तो घाईघाईने म्हणाला. "वैनीचं दार पिवळं. वर होडीचं चित्र काढू. मी स्वतः काढतो. आजच. म्हणजे तिला ओळखता येईल."

"काका," रतन म्हणाली, "त्यांना रंग कळतो. घर कळत नाय." आता तिचा आवाज खाली आला. "मी ओट्यावर बसल्याबिगर भागत नाय. एक दिवस त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. परत आले तर दारावर मारून मारून हात सुजलेले. ग्रिल असेल तर निदान वारा लागेल. मानसं जाताना दिसतील. दाराआड कोंडण्यापरीस ते बरं ना? मी नाय केलं तर दुसरं काय करू, तुमीच सांगा. तुमी नकाशे काढता ना?"

सव्वीस वर्षांत काळुरामला कोणी असा नकाशा मागितला नव्हता. त्याने भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग, अध्यक्षाला काहीतरी बोलावंच लागतं म्हणून, तो म्हणाला, "विरोधात?"

स्वतःचा हात त्याने वर केला. रज्जाकभाईंनी केला. आवडाबाईने भावाकडे बघितलं, रतनकडे बघितलं आणि रडत रडत हात वर केला.

"चार विरुद्ध तीन," मास्तर हलकेच म्हणाले. "मनुबाईंचं मत राहिलं."

ती विरोधात गेली तर चारास चार. मग अध्यक्षाचं जादा मत. सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि कोणालाच ती आवडली नाही.

काळुराम खुर्चीपाशी जाऊन उकिडवा बसला. मनुबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याचा शेंबूड पुसण्यापासून त्याला शाळेत घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. "वैनी," तो म्हणाला, "काय चाललंय समजलं का?"

"कानान बोळे घातलेत काय माझ्या?" मनुबाई म्हणाली. "मगाधरनं माझाच चाललाय."

ती त्याच्याकडे वळली.

"मी सिस्टरचा गॅस लावला?"

"हो, वैनी."

"आन देवान बोंबील?"

"हो."

मनुबाईने हंसराजभाईंकडे बघून हात जोडले. ते उठून उभेच राहिले. मग ती काळुरामच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "काळू, तू लय शिकलास. पन तुना एक नाय समजला. ओटी लांब व्हती म्हनून वाडीतली मानसा बसायची नाय रं. जाळा लांब व्हता. एकट्याला उचलाचा नाय, म्हनून एकमेकाचे दारान जावा लागायचा. ओटी काय, नुसती जागा व्हती."

"वैनी, तू गप्प राहा. तू फक्त विरोधात हात—"

"मना कवा कळतंय, कवा नाय कळत. आज कळतंय. आजच मत घे माझा." आणि तिने हात वर केला. बाजारात बोली लावताना करतात, तसा सरळ, कोपरातून. "ग्रिल लावा."

मास्तर शिक्षक असल्यामुळे त्यांना नियम आठवला. "म्हणजे, प्रकृतीचा विचार करता, हे मत कितपत ग्राह्य..."

"मास्तर," विमलाबाई म्हणाल्या, "तुमच्याच बाजूने पडलंय. गप्प बसा."

तानाजीने इतिवृत्तात लिहिलं: ठराव पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर. अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली. सुमतीने सगळ्यांना चहा दिला. दहा फुटांच्या गॅलरीत आठही घरांची माणसं एकत्र बसून तो प्यायली, आणि शेजारधर्माचा याहून चांगला नमुना दाखवायला त्या दिवशी एकही पाहुणा हजर नव्हता.

*

पुढच्या रविवारी भिवा लोहार माप घ्यायला आला. कळवा नाक्यावर त्याचा वेल्डिंगचा गाळा होता. काळुराम कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याबरोबर फिरला. ग्रिलचा नकाशाही त्यानेच काढला होता. तो चांगला आला होता. हातालाच तशी सवय होती.

आठ दारांची मापं सारखीच भरली. भिवा खूश झाला. "साहेब, असं कुठंच नसतं. कुठं दोन इंच जास्त, कुठं कमी. हे कोणी बांधलं?"

"होता एक," काळुराम म्हणाला.

"कड्या आतून ना सगळ्यांना?"

काळुराम तिसऱ्या दारासमोर उभा होता. मनुबाई उंबऱ्यात बसून त्या दोघांकडे बघत होती. आज कळण्याचा दिवस होता की नव्हता, हे तिच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं.

"सात आतून," काळुराम म्हणाला. "या एका दाराला बाहेरून."

भिवाने लिहून घेतलं. "आत कोण, जनावर बांधायचंय काय?" असं तो हसत विचारणार होता, अर्धं विचारल्यावर त्याचं उंबऱ्याकडे लक्ष गेलं, आणि पुढचं त्याने गिळलं.

मनुबाई म्हणाली, "काळू, बाहेरून कडी?"

"हो, वैनी."

"माझेच दाराला?"

गॅलरीत त्या वेळी कोणी नव्हतं. खालून रज्जाकभाईंच्या मशीनचा आवाज येत होता, आणि सुमतीच्या खिडकीतून फोडणीचा. काळुरामने पेन्सिल कानावर ठेवली, काढली, परत ठेवली.

"नाय, वैनी. माझ्या पण." तो भिवाकडे वळला. "आठव्यालाही बाहेरूनच कर. सहा आतून, दोन बाहेरून."

"साहेब, तुमचं घर ना ते? मग आत असलात की लावणार कशी?"

"लावायची नाही," काळुराम म्हणाला.

भिवाने सातावर रेघ मारून सहा केले, आणि तो नवव्या दाराचं माप घ्यायला पुढे गेला. मग आठच आहेत हे लक्षात येऊन परत आला.